पद्मिनीची काच स्वतः बसवायची? आधी गंज, मग रबर, शेवटी काच



जुनी फियाट, पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर नव्याने उभी करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "डेंटिंग-पेंटिंग झालं. आता काचा आणि क्रोम पट्ट्या मी स्वतः बसवू का?" बसवू शकता. पण किती काम स्वतः करायचं आणि कुठे थांबायचं, हे आधी ठरवा. व्हिडिओत दोरीची पद्धत दाखवली आहे. इथे पूर्ण क्रम लिहून देतो, म्हणजे काम करताना मोबाईल हातात धरावा लागणार नाही.

जुनी गाडी आणि नवी गाडी यातला फरक

आपल्या करमाडच्या शेजारी शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाच्या गाड्या बनतात. अशा आजच्या गाड्यांची समोरची काच युरेथेनने चिकटवलेली असते. ती बॉडीच्या मजबुतीचा भाग असते, आणि बऱ्याच गाड्यांत एअरबॅग उघडताना तिचाच आधार घेते. ते काम घरी करू नका.

पद्मिनीचं तसं नाही. तिची समोरची काच रबरात बसते आणि रबर पत्र्याच्या कडेवर बसतं. म्हणून ती हाताने काढता-घालता येते. अडचण वेगळी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी बंद होऊन दोन दशकं उलटली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. म्हणजे हातात आहे ती काच आणि ती पट्टी जपायची. मोडली तर शोधत फिरावं लागेल.

आधी हिशेब

समजा तुमचं दुकान महिन्याला ३०,००० रुपये देतं. २६ दिवस, रोज १० तास धरले तर तुमचा तास साधारण ११५ रुपयांचा. काच, रबर, कडेची सफाई आणि पट्ट्या यात दोन दिवस गेले तर २,३०० रुपये तुमच्या वेळेचेच झाले. त्यात रबर, प्रायमर आणि मदतनीसाची मजुरी मिळवा. मग मिस्त्रीचा भाव विचारा. हौस म्हणून करत असाल तर हरकत नाही, पण "फुकटात झालं" असं समजू नका. गिऱ्हाइकाच्या गाडीचं कोटेशन देत असाल तर त्यात काच फुटण्याची जोखीम कोणाची, हे लिहूनच घ्या.

पायरी १ : काढणं

रबर बदलायचंच असेल तर ब्लेडने बाहेरची कड कापून काढा. स्क्रूड्रायव्हर घालून काच उचकटू नका. टफन काचेला कडेवर एक टोला बसला तरी सगळी काच चुरा होते. क्रोम पट्टी सरळ बाहेर ओढू नका, वाकली की तिच्यावरची सुरकुती जात नाही. प्रत्येक पट्टी, क्लिप आणि स्क्रूचा फोटो काढा. वेगळ्या पिशवीत ठेवून "पुढे डावी", "मागे उजवी" असं लिहा.

पायरी २ : पत्र्याची कड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रबराखाली पाणी साचतं, त्यामुळे गंज आतून लागतो आणि बाहेरून दिसत नाही. वायर ब्रशने पत्रा उघडा करा. भोक असेल तर पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून घ्या. पुट्टीने भरलं तर कड जाड होते आणि रबर नीट बसत नाही. मग प्रायमर, मग रंग, आणि रंग पूर्ण वाळू द्या.

आणखी एक गोष्ट. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, ते उघड्या पत्र्यावर लावू नका. त्यातून निघणारं आम्ल गंज वाढवतं.

पायरी ३ : रबर आणि दोरी

रबर अर्धा तास उन्हात ठेवा, मऊ होतं. कापून जोडायचं असेल तर एक सेंटिमीटर जास्तच ठेवा. ताणून बसवलेलं रबर पुढे आकसतं आणि जोड उघडतो. काही रबरांत क्रोम पट्टी टेबलावरच, काच गाडीवर चढवण्याआधी घालावी लागते. ते आधी बघून घ्या.

काचेवर रबर चढवा. पत्र्याच्या खाचेत ४-५ मिलिमीटरची नायलॉन दोरी फिरवा आणि दोन्ही टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून नेऊन गाडीच्या आत सोडा. कडेला भांडी धुण्याच्या साबणाचं पाणी लावा. तेल, ग्रीस, रॉकेल नको, त्याने रबर फुगतं.

आता दोन माणसं लागतात. बाहेरचा आधी खालची कड बसवून तळहाताने दाबतो. आतला दोरी काचेच्या मध्याकडे हळूहळू ओढतो, थोडी या बाजूने, थोडी त्या बाजूने. रबराची ओठासारखी कड पत्र्यावरून आत येते. कुठे अडलं तर थांबा, साबण लावा. मुठीने ठोकू नका.

पायरी ४ : दाराच्या काचा आणि पाण्याची चाचणी

दारात काच घालण्याआधी चॅनल आणि फेल्ट पट्टी बदला. काच वर-खाली करणाऱ्या मशीनला ग्रीस द्या. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मोकळी करा, नाहीतर दार खालून सडतं.

शेवटी साधा पाइप घ्या आणि पाणी खालून वर सोडत जा. गळती कुठे सुरू होते ते लगेच कळतं. वरून एकदम ओतलं तर काहीच कळत नाही.

नवी काच घेताना

समोरची काच लॅमिनेटेडच घ्या. फुटली तरी मधल्या थरामुळे तुकडे चेहऱ्यावर येत नाहीत. टफन काच नंतर कापता येत नाही. म्हणून दाराच्या सपाट काचेचा नमुना आधी द्या, मग कापून टफन करून घ्या. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश जायला हवा. वरून काळी फिल्म लावू नका, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच ती बंद केली आहे.

पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. पद्मिनी हे नाव १९७४ चं, म्हणजे पहिल्या पद्मिनींची पन्नाशी आता झाली. म्हणून जुनी क्रोम पट्टी भंगारात टाकू नका. पॉलिश करा, जपून ठेवा.

कड साफ करणं, रबर चढवणं, पट्ट्या बसवणं, हे तुम्ही करा. वेल्डिंग आणि वक्र काच कारागिराकडे द्या. त्याचा खर्च कोटेशनमध्ये आधीच धरा, म्हणजे गाडी अर्धवट उभी राहणार नाही.