त्वचा-कर्करोग व जीन

त्वचेतील कोशिकांच्या विभाजनाचे नियमन करणाऱ्या जीनांत (आनुवंशिकतेच्या घटकांत) बदल होऊन कोशिकांची जी अनिर्बंध वाढ होते, तीस त्वचा-कर्करोग म्हणतात. बाह्यत्वचेच्या तळच्या थरातील कोशिका सतत विभागत असतात. नव्या कोशिका वर सरकत जाऊन काही आठवड्यांत गळून पडतात. हे संतुलन तीन प्रकारच्या जीनांमुळे टिकते : विभाजनास चालना देणारे, त्यास आवर घालणारे आणि जीनद्रव्यातील (डीएनएतील) बिघाड दुरुस्त करणारे. एखाद्याच बदलाने बहुधा कर्करोग होत नाही. एकाच कोशिकावंशात असे अनेक बदल साठत जावे लागतात. म्हणूनच वाढत्या वयाबरोबर या रोगाचे प्रमाण वाढते.

सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे जीनद्रव्यातील शेजारचे घटक एकमेकांस चिकटतात. त्यांची दुरुस्ती न होता कोशिका विभागल्यास चूक कायम होते. टीपी५३ या आवर घालणाऱ्या जीनात अशा चुका विशेषेकरून आढळतात. तळच्या थराच्या कर्करोगात बहुधा पीटीसीएच१ हा जीन निकामी झालेला असतो, तर कृष्णकर्काच्या (रंजककोशिकांच्या कर्करोगाच्या) अनेक रुग्णांत बीआरएएफ हा चालना देणारा जीन सतत कार्यरत राहतो. हा शोध २००२ मध्ये लागला.

सूर्यप्रकाश हे या रोगाचे एकमेव कारण नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील (स्थापना १९४१) विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये कमरेवरील त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने तेथे घर्षण होते. त्वचा प्रथम विवर्ण व जाड होते, पुढे तेथे चिघळणारा व्रण होतो. यास ‘धोतर कर्करोग’ हे नाव पडले. साडीच्या परकराच्या नाडीमुळेही असा कर्करोग झाल्याचे पुढे आढळले. वस्त्राने झाकलेल्या या भागावर ऊन पडत नाही. परंतु इजा भरून काढण्यासाठी कोशिकांना वारंवार विभागावे लागते आणि प्रत्येक विभाजनागणिक जीनद्रव्याची नक्कल चुकण्याचा संभव वाढतो. बाह्य कारण निराळे असले, तरी रोगाचा अंतर्गत मार्ग जीनांतूनच जातो.

हे बदल बहुधा त्वचेपुरतेच असल्याने संततीत उतरत नाहीत. झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा विकार मात्र आनुवंशिक आहे. त्यात दुरुस्तीची यंत्रणा जन्मतःच सदोष असते, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखविले. आईबाप दोघांकडूनही सदोष जीन आल्यास अपत्यास हा विकार होतो. त्यामुळे मामेबहिणीशी विवाहासारख्या नात्यातील संबंधांत त्याचा धोका वाढतो. अशा मुलांचे उन्हापासून कटाक्षाने रक्षण करावे लागते.

सावळ्या त्वचेतील कृष्णरंजक जंबुपार किरण शोषून घेते व त्यामुळे बरेच संरक्षण मिळते. तथापि तळपाय, तळहात व नखाखालील कृष्णकर्काचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. तळपायावरील काळा डाग कुरूप किंवा साधी जखम समजून दुर्लक्षिला गेल्यास रोग लसीका ग्रंथींत पसरतो. बीआरएएफ जीनातील बदलावर नेमका परिणाम करणारी औषधे २०११ पासून वापरात आली आहेत. परंतु बदल साठलेल्या कोशिका एकाच जागी असताना शस्त्रक्रियेने काढून टाकणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय होय. यासाठी न भरणारा व्रण किंवा आकार व रंग बदलणारा डाग दिसताच त्याची तपासणी करून घेणे आवश्यक असते.