यंत्राचे स्वरलेखन

बडोद्यात गायनशाळा स्थापन झाली ती १८८६ साली आणि कलाभवन उघडले ते १८९० साली. चार वर्षांच्या अंतराने सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली उभ्या राहिलेल्या या दोन संस्थांपैकी एकीत गळा तयार होत असे, दुसरीत हात. पुढे दोन्ही महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावल्या, आणि आज एकीच्या परंपरेत संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा, तर दुसरीच्या परंपरेत तंत्रविद्या व अभियांत्रिकीची विद्याशाखा चालू आहे. येथील जुन्या कुटुंबांना यात नवे काही नाही. परंतु या दोन्ही विद्यांपुढे एकच प्रश्न येऊन उभा राहिला, तो मात्र क्वचितच कोणी एकत्र मांडतो. उत्तम कलावंताच्या गळ्यात किंवा हातात जे असते ते कागदावर उतरवता येते काय? आणि उतरवले तर पुढे ते कोणाचे?

गायनशाळेच्या मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली आणि त्या पद्धतीने पुस्तके काढली. दरबारी गवयांच्या ज्या घरांत प्रस्तुत लेखकासारखे लोक वाढले, तेथे या लेखनाविषयी दोन मते असत. चीज कागदावर चढली म्हणजे ती बुडणार नाही, हे एक. चीज कागदावर चढली म्हणजे ती घरातून गेली, हे दुसरे. कारखान्यातही नेमका हाच वाद झाला. तो झाला अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-बारा वर्षांत. त्याची हकीकत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे.

आधी जुनी रीत पाहू. धातूचा तुकडा घडवायचा तर कारागिराला तीन कामे करावी लागतात. मापणे, जागेवर आणणे आणि कापणे. नकाशा वाचून तो तुकड्यावर निळा रंग लावतो, टोकदार सळईने रेघा आखतो, मध्यबिंदूवर पंचाने ठोका देतो. मग तुकडा यंत्रावर आवळून एका हाताने आडवे आणि दुसऱ्या हाताने उभे हँडल फिरवीत तो कटरखाली आणतो, थोडे कापतो, मायक्रोमीटर लावून पाहतो, पुन्हा थोडे कापतो. हँडलच्या स्क्रूमध्ये नेहमी किंचित ढिलाई असते. एका दिशेने फिरवून उलट फिरवू लागलो की पहिला थोडा फेरा फुकट जातो, टेबल हलतच नाही. म्हणून जाणता माणूस नेहमी एकाच बाजूने मापावर येतो, चुकून पुढे गेलाच तर बराच मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूने येतो. तार लावणाराही हेच करतो. स्वर चढला तर खुंटी पुरती उतरवून तो खालून पुन्हा चढवतो. हे कोणत्याही नकाशात लिहिलेले नसते.

मिशिगन प्रांतातील ट्रॅव्हर्स सिटी या गावी जॉन पार्सन्स यांचा कारखाना हेलिकॉप्टरची पाती बनवीत असे. पात्याच्या छेदाचा आकार मोठा नाजूक. त्यावर हवा कशी वाहील आणि यंत्र उचलले जाईल की नाही, हे सारे त्या वक्ररेषेवर अवलंबून. त्या आकाराचे फर्मे करण्यासाठी नकाशात अवघे १७ बिंदू दिलेले असत, आणि मधली रेषा कारागीर आपल्या नजरेने व कानशीने जुळवून घेई. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी हिशेबनिसांच्या उपयोगाची भोकांची कार्डे वाचणारी यंत्रे या कामाला लावली आणि १७ बिंदूंच्या जागी २०० बिंदू गणिताने काढले. बिंदू इतके जवळजवळ आले की कानशीला फारसे काम उरले नाही.

मग त्यांनी जो प्रयोग केला तो आपल्याकडच्या कोणाही साथीदाराला ओळखीचा वाटेल. एक माणूस कागदावरून आकडे मोठ्याने वाची, दुसरा आडवे हँडल फिरवी, तिसरा उभे. दोघे जागेवर आले की कटर खाली उतरवायचा, घाव घालून वर घ्यायचा, पुढचा आकडा. तीन माणसे मिळून एका माणसाचे काम करीत होती हे खरे. पण त्यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्यांच्या हातांत हँडले होती त्यांना पात्याचा आकार ठाऊक असण्याची गरजच उरली नव्हती. आकार आता आकड्यांत होता.

वाचणारा माणूस काढून तेथे कार्ड वाचणारे यंत्र बसवावे आणि हँडलांना विजेच्या मोटरी जोडाव्यात, ही पुढची पायरी पार्सन्स यांना साहजिकच सुचली. १९४९ साली अमेरिकी हवाई दलाने त्यांना या कामाचे कंत्राट दिले आणि त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेची मदत घेतली. काम लवकरच त्या प्रयोगशाळेच्याच हाती गेले. सप्टेंबर १९५२ मध्ये तिने सिनसिनाटी हायड्रोटेल जातीचे एक मिलिंग यंत्र लोकांना चालवून दाखवले. त्याला हुकूम देई ती कागदाची लांब पट्टी, आणि त्या पट्टीवर सात ओळींत भोके. भोकांतून विजेचे ठोके निघत, आणि एका ठोक्याला टेबल इंचाचा दोन हजारावा भाग सरके. आपल्या सुतारांचे एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एक. ठोके मोजणारी कपाटे जवळजवळ त्या यंत्राएवढीच मोठी होती. टेबल खरोखर किती सरकले हे मागे कळवण्याची सोय होती, आणि सांगितलेले व झालेले यांत अंतर पडले की मोटर ते भरून काढी. गाता गाता स्वतःचा स्वर तंबोऱ्याशी ताडून पाहावा, तसेच हे.

परंतु यंत्राला शिकवण्याची ही एकच रीत तेव्हा पुढे नव्हती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे इंजिनियर याच सुमारास दुसऱ्या वाटेने चालले होते. त्यांच्या योजनेत कसलेला कारागीर पहिला नग आपल्या हाताने कापी, आणि त्याच्या हातांची प्रत्येक हालचाल चुंबकीय फितीवर नोंदली जाई. फीत पुन्हा चालवली की यंत्र त्याच हालचाली करून दुसरा, तिसरा, शंभरावा नग कापी. येथे आकड्यांचा संबंध नव्हता, हाताचे ध्वनिमुद्रणच होते म्हणा.

पाश्चात्त्य संगीतात हा भेद आधीच होऊन गेला होता. भोकांच्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारा पियानो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्याच्या पुष्कळशा गुंडाळ्या लेखनिक स्वरलिपी पुढे ठेवून मापाने भोके पाडून तयार करी. लय घड्याळासारखी, स्वर अचूक, आणि ऐकणारा थोड्याच वेळात कंटाळे. १९०४ साली जर्मनीच्या वेल्टे कंपनीने दुसरी तऱ्हा काढली. नामवंत वादकाला पियानोवर बसवून त्याचे वादन, त्यातील जोर-हळुवारपणासह, गुंडाळीवर उतरवायचे. कारखान्यातील दोन रीती म्हणजे याच दोन गुंडाळ्या. एकीत लिपी होती, दुसरीत हात.

हे साम्य एका कादंबरीकाराच्याही नजरेतून सुटले नाही. कर्ट व्हॉनेगट तेव्हा जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी खात्यात नोकरीला होते. विमानाच्या इंजिनाची पाती आपोआप कापणारे यंत्र त्यांनी तेथे पाहिले आणि १९५२ साली कादंबरी लिहिली. तिचे नावच ‘प्लेयर पियानो’. तिच्यात रूडी हर्ट्झ नावाचा निष्णात कारागीर आहे. त्याच्या हातांच्या हालचाली फितीवर उतरवून घेतल्या जातात आणि मग त्याला घरी बसवले जाते. फीत मात्र काम करीत राहते.

प्रत्यक्षात जय झाला तो आकड्यांच्या पट्टीचा. त्याला सबळ कारण होते. फीत एका नगापुरती. नकाशात जरा बदल झाला की कारागिराला पुन्हा पहिल्यापासून कापावे लागे. शिवाय जो आकार कोणाही माणसाच्या हाताने आधी कापता येत नाही, त्याची फीत करणार कशी? जेट विमानांचे वळणदार भाग असेच होते. आकडे मात्र दुरुस्त करता येतात, दुसऱ्या गावी पाठवता येतात, गणिताने नवे काढता येतात. परंतु डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दुसरेही कारण दाखवले. फितीची रीत कारागिराच्या ताब्यात राहिली असती. आकड्यांच्या रीतीने कामाचे ज्ञान कारखान्याच्या फरशीवरून वरच्या मजल्यावरील कचेरीत जात होते, आणि मालकांना ते हवे होते. कोणते कारण किती भारी, याचा वाद विद्वान अजून घालतात. आमच्या मते दोन्ही खरी आहेत. स्वरलेखनानेही चिजा वाचल्या आणि घरांचा ताबाही सैल झाला. एकासाठी दुसरे नाकारण्याचे कारण नाही.

आज ही यंत्रे बडोद्याच्या मकरपुऱ्यात आहेत, भोसरीत आहेत, कोल्हापूरच्या शिरोलीत आणि बेळगावच्या उद्यमबागेत आहेत. भोकांची पट्टी जाऊन संगणक आला. लिपी मात्र राहिली. ‘जी शून्य एक’ म्हणजे ठरलेल्या वेगाने सरळ रेषेत कापत जा, ‘जी शून्य दोन’ म्हणजे उजवीकडे वळणारा कंस घे, ‘एम शून्य तीन’ म्हणजे कटर फिरू दे. मापणेही यंत्राकडे गेले आहे. १९७२ साली इंग्लंडात डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी कॉन्कॉर्ड विमानाच्या इंजिनातील नळ्या मोजण्यासाठी स्पर्शाने मापणारी काडी शोधून काढली. तशी काडी, टोकाला कृत्रिम माणकाची गोळी बसवलेली, आता कटरच्या जागी येते, तुकड्याच्या कडेला दोन ठिकाणी हलकेच टेकते, आणि तुकडा किती तिरपा आवळला आहे ते यंत्राला सांगते. यंत्र मग सगळे आकडे तेवढे फिरवून घेते. पूर्वी आवळलेला तुकडा हातोडीने ठोकून सरळ करावा लागे.

तरीही या यंत्रांच्या तबकडीवर एक बटण अजून आहे. लिपीत कटर सरकण्याचा वेग लिहिलेला असतो. हे गोल बटण फिरवून चालवणारा तो वेग शेकड्यात कमी-जास्त करू शकतो. स्वर लिहून आले, लयीचा थोडा भाग माणसाकडे ठेवला. हे बटण उगीच राहिलेले नाही. पोलादाचा मीटरभर लांबीचा तुकडा तापमान एका अंशाने चढले की मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने अकरा-बारा भाग वाढतो. बिडाच्या ओतकामात मध्येच कठीण गाठ लागते. कटरची धार दर मिनिटाला थोडी जाते. आकडे लिहिणारा कचेरीत असतो, आणि हे सारे घडते ते यंत्रापाशी.

यंत्रापाशी घडलेले प्रथम कळते ते कानाला. चार दातांचा कटर मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४०० घाव पडतात. पेटीवर पाहिले तर मधल्या सप्तकातील पांढरी पाचच्या किंचित वर. काम ठीक चालले असता याच स्वराची व त्याच्या पटीतील स्वरांची गुणगुण ऐकू येते. पण एका दाताने मागे ठेवलेल्या लाटेवर पुढचा दात आपटू लागला, आणि कंप वाढत गेला, की त्या गुणगुणीत न बसणारा वेगळाच स्वर उठतो आणि तुकड्यावर खवल्यासारख्या खुणा उमटतात. अक्षरशः बेसूर. जाणता माणूस खुणा दिसण्याच्या आधीच बटणाला हात घालतो. आता काही ठिकाणी मायक्रोफोन लावून यंत्रालाही हा आवाज ऐकवतात. पण बहुतेक लहान कारखान्यांत तो ऐकणारा कान माणसाचाच आहे.

काळजी आहे ती या कानाची. हाताच्या लेथवर पाच-दहा वर्षे घासून मग संगणकापाशी आलेली पिढी निवृत्त होत चालली आहे. नवा मुलगा लिपी महिन्याभरात शिकतो, आणि चांगली शिकतो. आमच्याकडेही विद्यार्थी आठवड्यात चिजेचे स्वरलेखन उतरवून आणतो. पुढची काही वर्षे जातात ती त्यात न लिहिलेले ऐकण्यात. कारखान्यात ही काही वर्षे मुलाला कोणी देत नाही. कानस चालवणे जुनाट म्हणून आणि हाताचे यंत्र अडगळ म्हणून टाकले, तर पट्टी चुकली हे ओळखणारा कोण उरणार, याचा विचार मालकांनी व शिक्षणसंस्थांनी करावा.

आपल्या जुन्या घरांतून कलाभवनात शिकलेल्या कोणा आजोबांचा किंवा काकांचा मायक्रोमीटर अजून कपाटात असेल. ज्यांच्या घरी ते काम केलेले वडीलधारे माणूस आहे, त्यांनी एकदा त्यांना विचारावे, धार गेल्याचे तुम्हाला कसे कळे? उत्तर बहुधा शब्दांत येणार नाही. ते तोंडाने आवाज काढून दाखवतील, आधी चांगला, मग बिघडलेला. घरात मुलगा किंवा नातू यंत्रावर काम करीत असेल, तर त्याला तेव्हा शेजारी बसवून घ्यावे.