झाशी जिल्ह्यातील शाळाइमारती आणि सरकारी निधी

झाशी जिल्ह्यातील सरकारी प्राथमिक शाळांच्या इमारतींसाठी मोठा पैसा दरसाल नेमाने कधी आला नाही. तो टप्प्याटप्प्याने आला: कधी रोजगार योजनेतून, कधी शिक्षण उपकरातून, तर कधी वित्त आयोगाच्या अनुदानातून. प्रत्येक टप्प्यात खोल्यांची संख्या वाढली. उभ्या असलेल्या खोल्यांच्या डागडुजीला मात्र बहुतेक वेळा उरलेसुरले मिळाले.

या शाळा आज ज्या व्यवस्थेखाली आहेत, तिची सुरुवात 1972 मध्ये झाली. त्याआधी त्या जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांच्याकडे होत्या. उत्तर प्रदेश बेसिक शिक्षण अधिनियम 1972 मध्ये आला आणि या शाळा राज्याच्या बेसिक शिक्षा परिषदेकडे गेल्या. शिक्षकांच्या पगाराची घडी त्यामुळे बसली. पण गळक्या छपराची तक्रार घेऊन गावकऱ्यांनी जायचे कुणाकडे, याचे उत्तर लांब गेले.

झाशी ज्यात येते त्या बुंदेलखंडात सरकारी पैसा गावात येण्याची जुनी वाट म्हणजे दुष्काळी काम. जमिनीखाली कठीण ग्रॅनाइट, वर पातळ माती. पाऊस चुकला की शेतीचे काम थांबते आणि मजूर बाहेर पडतात. अशा वर्षी तलाव, बांध आणि रस्ते यांची कामे निघत. शाळेची खोली या यादीत उशिरा आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 1986 नंतर 1987-88 पासून ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ सुरू झाले. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे आणि दोन शिक्षक, शक्य तर त्यांत एक स्त्री, असे त्याचे माप होते. शिक्षक व साहित्यासाठी केंद्राने पैसे दिले. बांधकाम मात्र ग्रामीण रोजगार योजनांवर, आणि 1989 पासून जवाहर रोजगार योजनेवर सोपवले गेले. अडचण त्या योजनांच्या स्वभावातच होती. त्यांचा हेतू मजुरी वाटणे हा होता, आणि पक्क्या खोलीत मजुरीपेक्षा सिमेंट-लोखंडाचा खर्च मोठा असतो.

1993 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने उत्तर प्रदेशात बेसिक शिक्षण प्रकल्प सुरू झाला. निवडलेल्या 10 जिल्ह्यांत बुंदेलखंडातला बांदा होता, झाशी नव्हती.

जिल्ह्याचे चित्र खऱ्या अर्थाने बदलले ते सर्व शिक्षा अभियानाच्या काळात. हे अभियान 2001 च्या सुमारास सुरू झाले आणि 2004 मध्ये लागू झालेल्या दोन टक्के शिक्षण उपकराने त्याला हुकमी उत्पन्न दिले. बांधकामावर साधारणपणे एकूण खर्चाच्या 33 टक्क्यांपर्यंतच रक्कम घालता येई. ठेकेदाराला काम द्यायचे नाही, गावाच्या समितीने ते करून घ्यायचे, हा त्यातला सर्वांत धाडसी नियम होता. प्रत्यक्षात भार पडला मुख्याध्यापकावर. बबीना असो की बामौर, मऊरानीपूर असो की गुरसराय, शाळेचा मुख्याध्यापकच ‘भवन प्रभारी’ होई. विटा ठरवणे, क्रशरवरून गिट्टी आणि बेतव्याच्या पात्रातली मौरंग म्हणजे जाड वाळू आणवणे, मिस्त्रीशी बोलणे, प्रधानासह म्हणजे सरपंचासह संयुक्त खात्यातून पैसे काढणे आणि पावत्या जपणे, हे सारे त्याने वर्ग चालवता चालवता करायचे. हिशेबात तूट निघाली तर वसुलीची नोटीसही त्याच्याच नावाने निघे. या पद्धतीने गावाच्या डोळ्यांसमोर खोल्या उभ्या राहिल्या, ही तिची मोठी जमेची बाजू. पण तिची किंमत शिकवण्याच्या तासांत मोजली गेली, हेही तितकेच खरे.

देखभालीचे अनुदान याच अभियानात पहिल्यांदा नियमित झाले. तीन खोल्यांपर्यंतच्या शाळेला वर्षाला 5,000 रुपये, त्याहून मोठ्या शाळेला 10,000 पर्यंत. एका खोलीची चुनारंगोटी, दोन खिडक्यांच्या झडपा आणि हातपंपाचा वॉशर बदलला की ते संपत. स्लॅबची गळती थांबवणे त्यात बसणे शक्यच नव्हते.

2008-09 च्या जागतिक मंदीत काही देशांनी शाळाइमारती हेही उत्तेजन खर्चाचे एक साधन मानले. ऑस्ट्रेलियाने सुमारे 16 अब्ज डॉलरचा शाळाबांधणी कार्यक्रम काढला आणि त्यात किरकोळ दुरुस्तीसाठी वेगळा हिस्सा ठेवला. अमेरिकेने शाळाबांधणीसाठी खास कर्जरोखे काढायला मुभा दिली. भारताच्या उत्तेजन उपायांचा भर अबकारी करातील कपातीवर आणि जादा योजनाखर्चावर राहिला. झाशीच्या वाट्याला त्या सुमारास आले ते वेगळ्या कारणाने: दुष्काळासाठीचे बुंदेलखंड पॅकेज. नोव्हेंबर 2009 मध्ये मंजूर झालेले हे 7,266 कोटी रुपयांचे पॅकेज उत्तर प्रदेशातील सात आणि मध्य प्रदेशातील सहा जिल्ह्यांसाठी होते. त्याचा भर पाणलोट, विहिरी, सिंचन, पशुधन आणि बाजार समित्यांच्या आवारांवर होता. शाळेची इमारत ही दुष्काळातही चालणारी, गावाला बांधून ठेवणारी संस्था आहे, असा विचार त्यामागे झाला असता तर बरे झाले असते.

त्यानंतरची वाट ग्रामपंचायतीतून गेली. चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या काळासाठी देशातील ग्रामपंचायतींना सुमारे दोन लाख कोटी रुपये देण्याची शिफारस केली. प्रधानांच्या हाती प्रथमच मोठी रक्कम आली. 2018 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने ‘ऑपरेशन कायाकल्प’ सुरू करून हा पैसा शाळांकडे वळवला. पंचायतीचा निधी, मनरेगा, जिल्हा खनिज निधी आणि दात्यांची मदत एकत्र आणून ठरावीक निकष पूर्ण करायचे, अशी योजना होती. निकष आधी 14 होते, पुढे 19 झाले: पिण्याचे पाणी, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह, वर्गात फरशी, फळा, स्वयंपाकघर, रॅम्प, वीजजोडणी, बाके, फाटकासह कुंपणभिंत. मनरेगाचा मजुरी-साहित्य 60:40 हा नियम येथेही आडवा येत असे. पण एकूण हिशेबात मातीकामाची मजुरी जास्त असली की भिंतीच्या विटा-सिमेंटला जागा निघे.

कामाचा मालक आता बदलला. पैसा प्रधान आणि पंचायत सचिवाच्या सहीने निघू लागला. मुख्याध्यापकाकडे उरली ती मागणी करणे, पाठपुरावा करणे आणि शिक्षण विभागाच्या प्रेरणा पोर्टलवर छायाचित्रासह नोंद करणे. जिथे प्रधान आणि गुरुजींचे पटले तिथे शाळा खरोखर पालटली.

2020 च्या टाळेबंदीने या कामाला अनपेक्षित वेग दिला. मे महिन्यात मुंबईहून निघालेले मजुरांचे लोंढे शिवपुरीच्या बाजूने झाशीच्या रक्सा सीमेवर येऊन थांबले होते. गावोगावच्या रिकाम्या शाळा विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. माणसे कित्येक दिवस तिथे राहिली तेव्हा नळ, शौचालय आणि वीज यांची उणीव उघडी पडली. केंद्राने मनरेगासाठी 40,000 कोटी वाढवून दिले. 20 जूनला सुरू झालेल्या 50,000 कोटींच्या गरीब कल्याण रोजगार अभियानात सहा राज्यांतील 116 जिल्हे होते. शेजारचे जालौन आणि बुंदेलखंडातलेच बांदा त्यात आले, झाशी पुन्हा बाहेर राहिली. जिल्ह्याला काम चालवावे लागले ते नेहमीच्या मनरेगावर आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानावर. त्या अनुदानाचा निम्मा, आणि 2021 पासून 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी राखीव होता. त्यामुळे अनेक नळ असलेली हात धुण्याची जागा आणि छतावरची टाकी यांना अग्रक्रम मिळाला.

राज्य सरकारच्या म्हणण्यानुसार कायाकल्पच्या निकषांची पूर्तता 2017-18 मधील 36 टक्क्यांवरून 96 टक्क्यांवर गेली. बदल मोठा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र हे निकष एकमेकांवर अवलंबून असतात. उन्हाळ्यात ग्रॅनाइटमधल्या बोअरचे पाणी उतरले की टाकी, नळ आणि शौचालय ही तिन्ही एकदम निकामी होतात. फरशी बसवल्याची नोंद एकदा होते, तिच्यावर वरून पडणारे पाणी दर पावसाळ्यात येते. अशा देखभालीसाठी सर्व शिक्षा अभियानाच्या जागी आलेल्या समग्र शिक्षा अभियानातले संयुक्त अनुदान आहे: पटसंख्येनुसार वर्षाला 10,000 पासून एक लाखापर्यंत, त्यातील किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी. 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला सर्वांत कमी रक्कम मिळते. पण छत पटसंख्या पाहून गळत नाही. अनुदान खोल्यांच्या संख्येवर आणि इमारतीच्या वयावर ठरणे अधिक न्याय्य झाले असते.

दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या इमारतींना ‘जर्जर’ ठरवून, पाडून, साहित्याचा लिलाव करण्याची पद्धत राज्यात आहे. 25 जुलै 2025 रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली आणि अशा इमारतींच्या तपासणीचे आदेश देशभर निघाले. त्याच वर्षी 16 जूनला उत्तर प्रदेश सरकारने कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळांना जोडण्याचा आदेश काढला होता. पुढे एक किलोमीटरहून दूरच्या आणि 50 हून अधिक पटाच्या शाळा त्यातून वगळल्या गेल्या. रिकाम्या होणाऱ्या इमारतींत बालवाटिका म्हणजे पूर्वप्राथमिक वर्ग सुरू करण्याचे धोरण ठरले. पट दुसऱ्या शाळेत गेला तरी इमारत जागेवरच राहते, आणि पटावर ठरणारे अनुदान मात्र पटाबरोबर जाते. त्यामुळे या इमारतींच्या देखभालीसाठी बालवाटिकेच्या नावे स्वतंत्र तरतूद लागते.