सायलेन्सर बदलला, आता विम्याचं काय?

मुलुंडच्या एलबीएस रोडवरचं गॅरेज असो, नाहीतर अंधेरी-कुर्ला रस्त्यालगतचं अ‍ॅक्सेसरीजचं दुकान, बाइकला काही नवं बसवायचं म्हटलं की दोन मतं हमखास ऐकू येतात. दुकानदार म्हणतो, "बिनधास्त लाव, काही होत नाही." सोबत आलेला मित्र म्हणतो, "अरे, बाहेरचं काही लावलंस की इन्शुरन्स गेला समज." दोघेही तितकेच ठाम असतात आणि दोघांचंही चुकतं. पहिल्यावर भरवसा ठेवणारा विमा कंपनीला काहीच कळवत नाही आणि अपघातानंतर अडकतो. दुसऱ्याला घाबरलेला तर हक्काचा क्लेमही दाखल करत नाही. हे दुसरं नुकसान जास्त चटका लावणारं आहे, कारण न मागितलेल्या क्लेमची नोंद कुठेच होत नाही.

गोंधळाचं मूळ असं, की ज्याला सगळे 'बाइकचा इन्शुरन्स' म्हणतात, त्यात दोन वेगवेगळे करार असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार तो सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला वर्षाला 714 रुपये, 150 ते 350 सीसीला 1,366 रुपये आणि त्यावरच्या इंजिनाला 2,804 रुपये. दुसरा करार 'ओन डॅमेज'चा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा. तो ऐच्छिक आहे. बाइकमध्ये केलेल्या बदलाचा या दोन करारांवर होणारा परिणाम अगदी वेगळा असतो. पॉलिसीचा कागद एकच असल्यामुळे लोक दोन्हींना एकच नियम लावतात.

आधी थर्ड पार्टी. बाइक मॉडिफाइड होती म्हणून तिच्या धडकेत जखमी झालेल्या पादचाऱ्याला भरपाई मिळणार नाही, हा समज निराधार आहे. विमा कंपनीला कोणत्या कारणांवरून हात वर करता येतात, त्याची यादी कायद्याच्या कलम 150 मध्ये आहे आणि ती मोजकी आहे: परवाना नसलेला किंवा मद्यधुंद चालक, शर्यतीसाठी वापर, महत्त्वाची माहिती दडवून घेतलेली पॉलिसी, असे काही मुद्दे. 'सायलेन्सर बदलला' असा मुद्दा त्या यादीत नाही. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2004 मध्ये ठरवलं, की अटीचा भंग किरकोळ असून चालणार नाही, अपघात घडण्यात त्याचा वाटा असला पाहिजे. तो सिद्ध झाला तरी न्यायालय कंपनीला आधी पीडिताचे पैसे चुकते करायला आणि मग ते मालकाकडून वसूल करायला सांगू शकतं. म्हणजे रस्त्यावरच्या तिऱ्हाईताला संरक्षण आहे. वसुलीची टांगती तलवार मात्र बाइकवाल्याच्या डोक्यावर राहू शकते.

आता मूळ प्रश्न: कोणता बदल बेकायदा?

कलम 52 सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातले, म्हणजे आरसीतले तपशील कारखानदाराने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे काय तेही दिलं आहे: वाहनाच्या रचनेतला असा फरक, ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला. केरळच्या राज्य नियमांचा आधार घेऊन रचनात्मक बदलांना दिलेली मोकळीक न्यायालयाने रद्द ठरवली, कारण राज्याचे नियम संसदेच्या कायद्यापेक्षा वरचढ होऊ शकत नाहीत. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून कलम 182-ए लागू झालं. अवैध बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द अनेकांच्या नजरेतून सुटतात.

चासी कापून केलेली बॉबर, दुसऱ्याच मॉडेलचं मोठं इंजिन, लांबवलेला स्विंगआर्म हे सगळं या कलमात सरळ सापडतं. मोबाइल होल्डर, टँक बॅग, आरामदायी सीट कव्हर, मागचा टॉप बॉक्स यांनी गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलत नाही. रंग या दोन्हींच्या मधला. आरसीवर रंगाची नोंद असते, म्हणून पूर्ण गाडी वेगळ्या रंगात रंगवली तर ती नोंद बदलून घ्यावी लागते. त्यासाठी ज्या कार्यालयात गाडी नोंदलेली आहे तिथे जायचं. अंधेरीकरांच्या एमएच-02 चं कार्यालय आंबिवलीत, बोरिवलीचा क्रमांक एमएच-47, आणि मुलुंड-घाटकोपरच्या एमएच-03 साठी वडाळा. इंजिन निकामी झाल्यामुळे बदलायचं असेल, तर त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बसवता येतं. नवा इंजिन नंबर मग आरसीवरही हवा आणि पॉलिसीवरही. क्लेमनंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी तपासताना आधी इंजिन आणि चासी नंबरच कागदांशी ताडून पाहतो. नंबर जुळला नाही तर पुढचं बोलणं तिथेच खुंटतं.

सायलेन्सरचं प्रकरण वेगळं, कारण तिथे ध्वनिप्रदूषणाचे नियमही लागू होतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार 80 ते 175 सीसीच्या दुचाकीचा आवाज कारखान्यातून निघताना 77 डेसिबलच्या आत हवा, 175 सीसीच्या वर 80 डेसिबलच्या आत. बुलेटला लावलेल्या, 'फटाके' फोडणाऱ्या नळीतून डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारा भाग, काढला की ही मर्यादा पार होते. कलम 190 नुसार पहिल्या गुन्ह्यालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्सवर गदा येऊ शकते. मुंबईत वाहतूक पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडले आहेत. हॉस्पिटलच्या खिडकीखालून मध्यरात्री जाणारा तो आवाज ज्याने ऐकला असेल, त्याला ही कारवाई जाचक वाटणार नाही.

पण म्हणून विमा आपोआप रद्द होतो का? नाही. समजा, घाटकोपरला रस्त्याकडेला उभ्या केलेल्या बाइकला टेम्पोने मागून ठोकलं. बाइकचा सायलेन्सर बेकायदा आहे, पण टेम्पोच्या धडकेशी त्याचा काय संबंध? कंपनी त्या सायलेन्सरची किंमत भरपाईतून वगळू शकते आणि ते रास्तही आहे. मात्र त्याच्या आडोशाने मडगार्ड, टेललॅम्प आणि वाकलेल्या चाकाचे पैसे नाकारणं टिकणं अवघड. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल उपयोगी पडतात. 2008 मधल्या नितीन खंडेलवाल प्रकरणात खासगी वापरासाठी विमा उतरवलेली गाडी टॅक्सी म्हणून वापरली जात होती आणि ती चोरीला गेली. चोरीच्या दाव्यात वापराच्या अटीचा भंग गैरलागू आहे, कंपनीने संपूर्ण क्लेम फेटाळायला नको होता, असं न्यायालय म्हणालं आणि 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने 75 टक्के रक्कम देण्याचा निर्णय कायम ठेवला. 2010 च्या अमलेंदू साहू प्रकरणातही हीच दिशा होती. दोन्ही खटले चारचाकींच्या वापराबाबतचे आहेत, बाइकच्या बदलांबाबतचे नाहीत. पण क्लेम फेटाळल्याचं पत्र हातात पडलेल्याने त्यांचा दाखला जरूर द्यावा.

बदल आणि अपघात यांचा थेट संबंध असेल तेव्हा पारडं उलट फिरतं. पुढचा मूळ ब्रेक काढून बसवलेला स्वस्त डिस्क सेट निकामी झाला, किंवा रिले न लावता थेट बॅटरीला जोडलेल्या फॉग लाइटच्या वायरी पावसात भिजून शॉर्ट झाल्या आणि गाडीने पेट घेतला, तर कंपनीची बाजू भक्कम होते. गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीतलीच अट आहे. उपनगरात जून ते सप्टेंबर गाड्या उघड्यावर भिजत उभ्या असतात, त्यामुळे वायरिंगचं काम हा दिसण्याचा नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. मूळ हार्नेस कापून केलेलं जोडकाम पाहिलं की सर्व्हेअर त्याचे फोटो काढतोच.

सर्वांत जास्त पैसे बुडतात ते मात्र कायदेशीर अ‍ॅक्सेसरीजवर. "शोरूमनेच लावून दिलं, म्हणजे इन्शुरन्समध्ये आलंच," असं बहुतेकांना वाटतं. ते येत नाही. गाडीची विमा रक्कम, म्हणजे आयडीव्ही, कारखानदाराने जाहीर केलेल्या त्या मॉडेलच्या विक्री किमतीवर ठरते. वर्षाच्या आतल्या पण सहा महिने उलटलेल्या गाडीला 15 टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. त्या किमतीत नसलेली कोणतीही वस्तू, मग ती शोरूममध्ये बसवलेली का असेना, वेगळी जाहीर करावी लागते. टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटीने 2002 मध्ये लागू केलेल्या मोटार टॅरिफमध्ये इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी त्यांच्या किमतीच्या 4 टक्के जादा हप्ता होता. 1 जानेवारी 2007 पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले, तरी पॉलिसीची भाषा बरीचशी तीच आहे. या हिशेबाने 12,000 रुपयांच्या दिव्यांसाठी वर्षाला 480 रुपये आणि त्यावर जीएसटी. एवढ्यासाठी अनेकजण कळवायचं टाळतात.

आणि कळवलं तरी एक खाच उरते. दुचाकीच्या प्रमाण पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं, की अ‍ॅक्सेसरीज चोरीला गेल्या तर भरपाई मिळणार नाही, गाडीच सोबत चोरीला गेली असेल तरच मिळेल. चाळीबाहेर किंवा स्टेशनच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बाइकचे फक्त फॉग लाइट किंवा टॉप बॉक्स कुणी काढून नेला, तर हप्ता भरूनही हाती काही लागत नाही. ही अट पॉलिसी विकताना सहसा कुणी वाचून दाखवत नाही, ती दाखवायला हवी. शिवाय रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरीवर 50 टक्के घसारा कापला जातो. घसारा न कापणारं 'झिरो डेप' कवच घेतलं तरी न कळवलेल्या वस्तूला ते लागू होत नाही.

काढून टाकणं हाही बदलच असतो, हे तर फार थोड्यांना माहीत आहे. गाडी 'क्लीन' दिसावी म्हणून साडी गार्ड आणि मागचं पकडायचं हँडल काढण्याची मोठी हौस दिसते. केंद्रीय नियम 123 नुसार मागे बसणाऱ्यासाठी पकड, पायठेवणी आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण बंधनकारक आहे. ओढणी किंवा पदर चाकात अडकून होणारे अपघात हे त्यामागचं कारण. इथे प्रश्न क्लेमच्या आधी मागे बसलेल्या माणसाच्या जिवाचा आहे.

बदल म्हटला की हप्ता वाढणारच, हाही समज तपासून घेण्यासारखा आहे. अपंग व्यक्तीसाठी जादा चाकं लावलेली स्कूटर कायद्याच्या भाषेत 'अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल' ठरते आणि कलम 52 तिला वाट करून देतं. 2002 च्या टॅरिफमध्ये अशा गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यात 50 टक्के सवलत होती. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्यता दिलेलं चोरीरोधक उपकरण बसवलं तर अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये. नूतनीकरणाच्या वेळी या सवलती मागाव्या लागतात. पेट्रोलच्या बाइकला इलेक्ट्रिक किट बसवणंही कायदेशीर आहे, मात्र किट मान्यताप्राप्त हवं, बसवणारा अधिकृत हवा आणि आरसीवर इंधनाचा प्रकार बदललेला हवा.

मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कवच टॉप बॉक्सवर किंवा रंगावर अवलंबून नसतं, त्याला वैध लायसन्स लागतं. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रात्री लावलेली शर्यत मात्र पॉलिसीत थेट वगळलेली आहे. गाडी कारखान्यातून आली तशीच असली, तरी.

बदल करायचाच असेल तर बिल ठेवावं, आधी आणि नंतरचे फोटो काढावेत आणि विमा कंपनीला ईमेलने कळवून एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीवर त्या बदलाची नोंद, मागावी. एजंटला फोनवर सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही. गाडी हप्त्यावर असेल तर वित्त कंपनीची लेखी संमती घ्यावी. एवढं करूनही क्लेम फेटाळला गेला, तर नकाराचं कारण लेखी मागावं आणि कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे दाद मागावी. महिन्याभरात समाधान झालं नाही, तर सांताक्रूझ पश्चिमेला एसव्ही रोडवरच्या जीवन सेवा इमारतीत विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही, वकील चालत नाही, आणि कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत तक्रार करायची असते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नसतो. तो पटला नाही तर वांद्रे पूर्वेला उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो.