जुळत्या अंकांची बंदूक

जर्मन सैन्याने १९३५ साली स्वीकारलेल्या माउझर कॅरॅबिनर ९८ के या रायफलीवर कारखान्यातच अनुक्रमांक ठोकला जाई, आणि त्याचेच शेवटचे अंक बोल्ट, सुरक्षेची कळ, नळीला आवळणारे पट्टे अशा किरकोळ भागांवरही उमटविले जात असल्यामुळे, कोणता भाग मूळचा व कोणता मागाहून बसविलेला, याचा दाखला ते पोलादच देते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मात्र घाईपायी हा शिरस्ता शिथिल झाला. सोव्हिएत शस्त्रागारांनी हस्तगत रायफली सुट्या करून, भागांची सरमिसळ होऊ देऊन पुन्हा जुळविल्या व बोल्टांवर विद्युत्‌लेखणीने नवे क्रमांक घातले. अशा नगाची किंमत संग्राहकांत उतरते. म्हणून जीर्णोद्धारक त्याच कारखान्याचा, त्याच काळचा व तपासनिसाची गरुडमुद्रा असलेला भाग धुंडाळीत राहतो. परंतु जुने अंक घासून नवे ठोकणे ही दुरुस्ती नसून दस्तऐवजाची बनावटगिरीच होय. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल मुरविणे क्षम्य, सँडपेपर लावणे अक्षम्य, कारण त्यासरशी शिक्केही जातात. परका बोल्ट बसविलेल्या रायफलीतून, वाकबगार शस्त्रकाराने काडतुसाच्या घराची मापे तपासल्याखेरीज, गोळी झाडू नये.