आशेचा अर्थ

चैत्री यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबरे उधळणाऱ्या शेतकऱ्याच्या मनी पावसाची आस असते. तीर्थोतीर्थी हिंडणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या आईवडिलांची श्रद्धाही अशीच अढळ होती. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने दोघांनाही नेले. १८८३ मध्ये रमाबाई ख्रिस्ती झाल्या. समाज रुष्ट झाला, आणि तो रोष सर्वस्वी निष्कारण होता असेही नव्हे. परंतु टाकलेल्यांना ख्रिस्त जवळ करतो, या विश्वासाने त्यांना जी आशा दिली ती परलोकापुरती उरली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली त्यांनी आणल्या. केडगावी त्यांना अन्न मिळाले, अक्षरे मिळाली. शेती, विणकाम, छपाई असे पोटाचे उद्योगही मिळाले. १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या; केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.