सात आणि बाराची गाठ

खकनारचा शेतकरी पटवाऱ्याकडे खसरा मागतो. बुऱ्हाणपूर जिल्ह्याची हद्द ओलांडून बुलढाण्यात उतरलं की पटवाऱ्याच्या जागी तलाठी येतो आणि खसऱ्याच्या जागी सातबारा.

सातबारा हा शब्द इतका तोंडी बसलाय, की ते मुळात दोन आकडे आहेत हे आपण विसरूनच गेलो. गाव नमुना 7 सांगतो जमीन कोणाची, किती, तिच्यावर बोजा कुठला. गाव नमुना 12 ही पिकांची नोंदवही. नोंदी दोन, कागद एक, आणि दोघींना बांधणारा धागा म्हणजे गट नंबर. डेटाबेसवाले याला जॉइन म्हणतात! आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970मध्ये तक्ते असे जोडण्याचं गणित मांडलं. तलाठ्याच्या दप्तराला ती युक्ती आधीपासून ठाऊक होती.

कॉम्प्युटरला हेच सांगायला तीन ओळी पुरतात. खातेदार आणि पीक दाखव. नमुना 7 घेऊन त्याला नमुना 12 जोड. गट नंबर जुळेल तिथेच. एसक्यूएलच्या भाषेत सिलेक्ट, फ्रॉम, जॉइन, ऑन. झाली स्क्रिप्ट.

खरी गंमत पुढे आहे. दोन्ही तक्त्यांत लाख-लाख ओळी असतील, तर प्रत्येक ओळ प्रत्येकीशी ताडून पाहायची म्हणजे 1000 कोटी तुलना. पण नंबर आधी क्रमानं लावून ठेवले, की शब्दकोश उघडतो तसं करता येतं: मधोमध उघडायचं, अलीकडे की पलीकडे ते बघायचं, उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. लाखातला हवा तो नंबर फार तर 17 फेऱ्यांत हाती लागतो. 1000 कोटींचे झाले 17 लाख! साध्या लॅपटॉपवर चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत यादी तयार.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मात्र तोंडघशी पडलो. तीन गावांची माहिती होती आणि गट नंबर 45 तिन्ही गावांत होता. तीन मालक, तीन पिकं, ओळी आल्या नऊ. केळीवाल्याच्या नावावर कापूस, कापूसवाल्याच्या नावावर तूर. गट नंबर गावापुरताच वेगळा असतो, तेव्हा सोबत गावाचा कोडही जुळवायला हवा. गावाच्या नावावर विसंबून चालत नाही. तिकडे कलां आणि खुर्द, इकडे बुद्रुक आणि खुर्द, त्यात कोणी ‘बुद्रुक’ लिहितो, कोणी नुसतं ‘बु.’ कोडला असली लहर नसते. 2011च्या जनगणनेत बुऱ्हाणपूर जिल्हा 467, बुलढाणा 500. आता तर भूखंडाच्या अक्षांश-रेखांशांवरून बनणारा 14 स्थानांचा भू-आधार क्रमांक आलाय. तो दोन्हीकडच्या नोंदींत असेल, तर खकनारचा खसरा आणि बुलढाण्याचा गट एकाच यादीत बसतील.

एक खोच मात्र ध्यानात ठेवा. साध्या जॉइनमध्ये ज्याची पीक पाहणी झालेली नाही, तो शेतकरी यादीतून गुपचूप गळतो. चूक झाल्याचा साधा इशाराही येत नाही. जॉइनच्या आधी ‘लेफ्ट’ एवढा शब्द लिहिला, की त्याचं नाव राहतं आणि फक्त पिकाचा रकाना रिकामा दिसतो.